कोडवाचनाचा तास का काढलात? अभ्यासमंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
संगणकशास्त्र अभ्यासमंडळ

स. न. वि. वि.

नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा हाती आला आणि सगळे करतात तसंच मीही आधी स्वतःच्या विषयाचं पान उघडलं. तिसऱ्या सत्रातली 'मुक्तस्रोत कोडवाचन' ही, म्हणजे खुल्या परवान्याने सगळ्यांना वाचायला दिलेला कोड वाचण्याची, दोन तासांची प्रात्यक्षिक तासिका त्या पानावर नव्हती. तिच्या जागी 'प्रोग्रॅमिंग सराव : भाग दोन' बसवला आहे. मसुद्याच्या शेवटी बदलांचा तक्ता आहे. त्यात कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलंय : 'वस्तुनिष्ठ मूल्यमापन शक्य नसल्याने वगळले.'

मी मंडळाला रीतसर पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. विषय फक्त माझ्या तासिकेचा असता तर गप्प बसलो असतो. पण मुलांना लिहायला शिकवायचं आणि वाचायला द्यायचंच नाही, हे धोरण ठरत असेल तर त्यावर चार लोकांसमोर बोलायला हवं. म्हणून हे खुलं पत्र.

मी पूर्णवेळ प्राध्यापक नाही. सोळा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आणि गेली चार वर्षं ही तासिका अभ्यागत शिक्षक म्हणून घेतो. तासिका गेली की माझं मानधनही जाईल. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते शोधून काढण्याचे कष्ट कुणाला पडायला नकोत.

माझा या विषयाशी संबंध कुठून आला, तेही सांगतो. पहिल्या नोकरीत मला कामांची रांग लावणारा एक भाग लिहायला दिला होता. ज्या कामाची निकड जास्त, ते आधी बाहेर पडायला हवं. कॉलेजात पाठ केलेला हीप (सर्वांत लहान घटक मुळाशी राहील अशी झाडासारखी मांडणी) मी जसाच्या तसा उतरवला, चालवून पाहिला आणि खुशीत सीनियर बाईंना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं स्क्रोल केलं आणि विचारलं, "तू कुणाचा कोड वाचतोस?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

"पुस्तक नाही रे. कोड. लोक रोज वापरतात असा, कुणीतरी मन लावून लिहिलेला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पदवी हातात होती, पण दुसऱ्याने लिहिलेला शंभर ओळींपेक्षा मोठा प्रोग्रॅम मी कधी वाचलाच नव्हता. बाईंनी पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीतली 'हीपक्यू' ही फाइल उघडून दिली आणि म्हणाल्या, "उद्या मला यातलं काहीतरी सांग."

त्या रात्री वाचलेली एक कॉमेंट, म्हणजे कोडमध्येच वाचणाऱ्यासाठी लिहिलेली टीप, मला अजून आठवते. हीपमधून सर्वांत लहान घटक काढला की मुळाची जागा रिकामी होते. तिथे शेवटचा घटक आणून ठेवायचा आणि तो खाली सरकवत न्यायचा. पुस्तकात शिकवतात ते असं : प्रत्येक पायरीवर दोन्ही मुलांशी, म्हणजे लगेच खालच्या दोन घटकांशी, तुलना करा आणि योग्य जागा मिळाली की थांबा. मीही तेच लिहिलं होतं. ही फाइल तसं करत नाही. ती वाटेत थांबतच नाही. धाकट्या मुलाला वर ढकलत ढकलत थेट तळाशी जाते, घटक तिथे ठेवते आणि मग गरज असेल तेवढाच वर आणते. उलटा प्रवास वाटतो. पण शेजारची कॉमेंट सांगते की शेवटून उचललेला घटक बहुधा मोठाच असतो, तो तसाही तळाजवळ जाणार, मग दर पायरीला त्याची विचारपूस कशाला? 'अनेक पुस्तकांत अल्गोरिदम तसा दिलेला असला, तरी ती चांगली कल्पना नाही' अशा अर्थाचं वाक्यही तिथे चक्क लिहिलेलं आहे. पुढे मोजमाप आहे : हजार घटक एकेक करून बाहेर काढायला आधी सुमारे १५,००० तुलना लागत होत्या, त्या ८,७०० च्या आसपास आल्या. तुलना वाचवायच्या कशासाठी, तेही सांगितलंय. घटक म्हणजे साधा आकडाच असेल असं नाही, तुलनेचं काम महागडं असू शकतं.

त्यातली युक्ती मी पुढे कितीदा वापरली? खरं सांगायचं तर एकदाही नाही, कारण तयार लायब्ररी असताना हीप कोण लिहितो. माझ्या मनात राहिली ती लिहिणाऱ्याची वागणूक. आपण सोपा मार्ग का सोडला हे त्याने सांगितलं, मोजून पाहिलं, आकडे तिथेच मांडले आणि सविस्तर विवेचन कुठे मिळेल तेही नोंदवलं. 'कोडला कॉमेंट लिहाव्यात' हे वाक्य मी परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलं होतं. कॉमेंट कशासाठी लिहायची ते त्या रात्री कळलं.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली तक्रार तुमच्या कारणाबद्दल. कोडवाचनाचं मूल्यमापन होत नाही, हे मंडळाने कशावरून ठरवलं? चार वर्षं मी ते करतो आहे आणि त्या उत्तरपत्रिका विभागाकडे जमा आहेत. कुणी मागवून पाहिल्याचं मला माहीत नाही. माझी पद्धत सांगतो. विद्यार्थ्यांना न पाहिलेली दीड-दोनशे ओळींची फाइल द्यायची, सोबत तिच्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम. प्रश्न तीन. या फाइलमध्ये माहिती कुठून येते आणि कुठे जाते, ते नावानिशी दाखवा. खूण केलेली ओळ काढून टाकली तर कोणती टेस्ट फेल होईल आणि का? आणि तिसरा, सगळ्यांत अवघड : अशी एक चूक या फाइलमध्ये पेरा, जी सध्याची एकही टेस्ट पकडणार नाही, आणि ती पकडणारी नवी टेस्ट लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासायला मला लाल पेनसुद्धा लागत नाही. ओळ काढायची, टेस्ट चालवायच्या, बरोबर की चूक ते मशीनच सांगतं. तिसऱ्याचंही तेच. 'वस्तुनिष्ठ' या शब्दाचा याहून कडक अर्थ मला ठाऊक नाही. याउलट 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगचे फायदे लिहा' या प्रश्नाला कुणाला साडेतीन मिळतात आणि कुणाला चार, ते कोणत्या वस्तुनिष्ठतेवर, हे मला कधी उमगलेलं नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत, एका प्रोसेसकडून (चालू प्रोग्रॅमकडून) दुसरीकडे ताबा जातो त्या जागी, एक प्रसिद्ध कॉमेंट आहे : हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. पुढे युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी खुलासा केला की त्यात उर्मटपणा नव्हता, 'हे परीक्षेला येणार नाही' अशा सुरात ते लिहिलं होतं. शिवाय तिथे नेमकं काय होतंय हे आम्हालाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, असंही त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. मंडळाने आता सगळ्याच कोडवर ती पाटी लावली आहे : हे परीक्षेला येणार नाही, सबब समजायची गरज नाही.

दुसरी तक्रार वाचायला जे उरलंय त्याबद्दल. लॅब मॅन्युअलमधला नमुना कोड मंडळातल्या कुणी अलीकडे वाचला आहे का? सगळे प्रोग्रॅम तीस-चाळीस ओळींचे, एकाच फाइलमध्ये. चलांची नावं ए, बी, टेम्प, टेम्प-वन. फाइल उघडली तर ती उघडलीच असणार, मेमरी मागितली तर ती मिळालीच असणार, वापरणारा आकडा टाका म्हटलं की आकडाच टाकणार. एकाही प्रयोगाला एकही टेस्ट नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्याच्या टेस्टचा कोड मूळ कोडच्या पाचशे पटींहून अधिक भरतो आणि हे ते स्वतः जाहीर करतात. मॅन्युअलने पाचशे पट टेस्ट लिहाव्यात असं कोण म्हणतंय? एक तरी लिहा.

यावर नेहमी उत्तर मिळतं की नमुना सोपाच हवा, गुंतागुंत नंतर कळते. तर मग बायनरी सर्चच घेऊ, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत मधला घटक पाहून दरवेळी निम्मी यादी बाद करत शोधणं. याहून सोपं काय असणार? खालची सीमा, वरची सीमा, दोन्हींची बेरीज, भागिले दोन, झाला मधला घटक. आपल्या मॅन्युअलमध्येही हेच आहे.

जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च मी दरवर्षी फळ्यावर मांडतो. मधला घटक काढायची ओळ आली की वर्ग अडखळतो. तिथे भागाकार नाही. बेरीज केलेली आहे आणि तिच्यापुढे तीन 'पेक्षा मोठा' चिन्हं व एक आहे. म्हणजे बिट उजवीकडे एक घर सरकवा आणि डावीकडे शून्य भरा. "सर, वेगासाठी केलं असेल," हे पहिलं उत्तर ठरलेलं. मी म्हणतो, बरं, वेगासाठी असेल तर दोनच चिन्हं का नाही वापरली? मग शांतता. कुणीतरी कागदावर बिट मांडू लागतं. दोन्ही सीमा एकशे दहा कोटींच्या पुढच्या असतील तर बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर जाते, जावाच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या ठरावीक जागेत) मावत नाही आणि ऋण होते. तिला दोनने भागलं की उत्तर ऋण, आणि ऋण क्रमांकाचा घटक मागितला की प्रोग्रॅम कोसळतो. तीन चिन्हांच्या सरकवण्यात ती वर सांडलेली बेरीज पुन्हा नीट वाचली जाते.

मग मी त्यांना सांगतो की हा दोष जावाच्या लायब्ररीत वर्षानुवर्षं होता आणि तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली जाहीरपणे ते मांडलं. सुमारे नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी कुणी वापरतच नव्हतं, म्हणून आपला सोपा नमुना बरोबर वाटत राहिला. पाठ्यपुस्तकातली ओळ आणि लायब्ररीतली ओळ शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात येणार? 'सराव : भाग दोन'मध्ये मुलं हीच चुकीची ओळ आणखी दहा वेळा लिहितील, एवढंच.

तिसरी तक्रार गैरप्रकाराच्या नव्या नियमाबद्दल. प्रात्यक्षिकाच्या वेळी 'अन्य व्यक्तीने लिहिलेला स्रोत कोड उघडा ठेवणे' हा आता गैरप्रकार ठरवला आहे. हेतू कळतो. कॉपी होते, मीही पकडली आहे. पण नियम लिहिताना उतरवणं आणि वाचणं यांत फरकच केलेला नाही. मोकळ्या सॉफ्टवेअरच्या चळवळीने वापरणाऱ्याचे जे हक्क मांडले, त्यांत प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे आणि त्यासाठीच स्रोत हाती हवा असं म्हटलं आहे. ज्याने तो कोड लिहिला तो म्हणतो वाच, आणि ज्यांनी शिकवायचं ते म्हणतात बंद कर.

याला इतिहासही आहे. सिडनीत न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी १९७६ साली युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, सुमारे नऊ हजार ओळी, आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापून घेतला आणि सोबत ओळींचे क्रमांक देऊन त्यावर टीका लिहिली. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, त्या अर्थाने टीका. सगळी ऑपरेटिंग सिस्टिम एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढी होती आणि त्यांनी ती वाचायला दिली. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीच्या परवान्याने तिचा कोड वर्गात शिकवायला मनाई केली. परिणाम काय झाला? लायन्स यांच्या वह्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स, अक्षरं पुसट होईपर्यंत फिरत राहिल्या. उघडपणे छापायला १९९६ उजाडलं. अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स लिहिलं ते याच कोंडीतून वाट काढायला, शिकवण्यापुरती का होईना, वाचता येईल अशी सिस्टिम हवी म्हणून. २००६ पासून एमआयटीत एक्सव्ही-सिक्स शिकवतात, तीही त्या सहाव्या आवृत्तीचीच नवी मांडणी. तेव्हा वकिलांनी वर्गाचं दार लावलं होतं. आज परवाना खुला आहे आणि कडी आपण आतून घालतो आहोत.

मुलांना परवाने शिकवा ना. कोणता कोड वाचून आपल्या शब्दांत लिहायचा, कोणता घेतला तर नाव द्यायचं, कोणता घेतला तर आपलाही खुला करावा लागतो, हे दोन तासांत शिकवून होतं. नोकरीत ते पहिल्या महिन्यात लागतं.

चौथी तक्रार खरं तर मसुद्यात नाही. चर्चेत एका सदस्यांनी तोंडी म्हटल्याचं कानावर आलं, म्हणून जपूनच लिहितो : आता कोड मशीन लिहून देतं, मग वाचत बसायचं कशाला? माझा रोजचा अनुभव नेमका उलटा आहे. मशीन दोनशे ओळी दहा सेकंदांत देतं. त्या ठेवायच्या की फेकायच्या, हे ठरवायला मला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास निव्वळ वाचनाचा असतो. लिहिणं जेवढं स्वस्त होईल तेवढी वाचणाऱ्यावर मदार वाढणार. यावर अधिक वाद घालत नाही.

माझ्या बाजूच्या उणिवाही सांगायला हव्यात, नाहीतर हे पत्र वकिली वाटेल. मुक्तस्रोत म्हणजे सोनं असं मी म्हणत नाही. त्यात गाळ भरपूर आहे. शिवाय पहिल्या वर्षी घोडचूक मीच केली. उत्साहाच्या भरात थेट लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, उघडला. कोट्यवधी ओळींचं प्रकरण ते! मी प्रोसेसना पाळी देणारा शेड्युलर समजावतोय आणि समोर नजरा विझत चालल्यात. तिसऱ्या आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा होता. तुमच्यापैकी कुणी तेव्हा तपासणीला आलं असतं आणि तासिका बंद केली असती, तर मला बोलायला तोंड नव्हतं. कर्नलमधून मी आता फक्त कोड लिहिण्याच्या नियमांचं पान वाचायला देतो. अटीत अट, लूपमध्ये लूप असं तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जावं लागत असेल तर आधी प्रोग्रॅम दुरुस्त करा, असा दम त्यात भरलेला आहे. मुलांना तो फार आवडतो.

दुसऱ्या वर्षापासून 'किलो' घेतला. रेडिस या डेटाबेसचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१६ साली लिहिलेला हा टेक्स्ट एडिटर. सी भाषा, एकच फाइल, कोड हजार ओळींच्या आत. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा नाही, हा आमचा पहिला नियम. कोड कादंबरीसारखा वाचायला घेतला की दहाव्या पानावर झोप येते. आधी प्रश्न हवा. आमचा प्रश्न असतो : बाणाची कळ दाबली की कर्सर हलतो, तर बोटापासून कर्सरपर्यंत वाट कोणती?

मुलं शोधत जातात आणि कळ वाचणाऱ्या फंक्शनपाशी पोचतात. तिथे कळतं की टर्मिनल बाणासाठी एक नव्हे, तीन बाइट पाठवतं : एस्केप, मग चौकटी कंस, मग एक अक्षर. एका मुलीने लगेच विचारलं, "सर, मग मी नुसतीच एस्केपची कळ दाबली तर? पहिला बाइट तर तोच येणार." मी म्हटलं, खाली वाच. खाली कॉमेंट आहे : नुसतं एस्केप असेल तर इथे वेळ संपेल. म्हणजे प्रोग्रॅम पुढच्या बाइटची वाट पाहतो. किती वेळ? ते त्या फंक्शनमध्ये नाही, टर्मिनलची मांडणी करणाऱ्या दुसऱ्या फंक्शनमध्ये आहे. शोधायला तिला दहा मिनिटं लागली. सेकंदाचा दहावा भाग.

"म्हणजे हा अंदाज बांधतोय?" ती म्हणाली.

हो, अंदाजच. तेवढ्या वेळात पुढचं काही आलं नाही, तर माणसाने एस्केप दाबलं असं धरून चाला. मग वर्गात वाद पेटला : लाइन संथ असेल तर? बाइट उशिरा पोचले तर? हा दोष म्हणायचा की तडजोड? घंटा झाली तरी कुणी उठेना. 'प्रोग्रॅमिंग सराव' या नावाच्या तासाला असं घडलेलं मी पाहिलेलं नाही, आणि तो तासही मी घेतला आहे.

वाईट कोडही आम्ही वाचतो, मुद्दाम. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने सुरक्षित जोडणीच्या कोडमधला एक दोष दुरुस्त केला. 'गोटू फेल' ही ओळ ('थेट शेवटच्या भागाकडे उडी मार' अशा अर्थाची) चुकून दोनदा पडली होती. पहिली अटीखाली, दुसरी तशीच मोकळी, पण इंडेंटेशनमुळे, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या जागेमुळे, दोन्ही अटीखालीच आहेत असं वाटायचं. महिरपी कंस नसल्यामुळे दुसरी ओळ दरवेळी चालायची आणि सहीची खरी तपासणी व्हायचीच नाही. पडद्यावर तो तुकडा दाखवून मी काहीच बोलत नाही. दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं. त्यानंतर त्या बॅचमध्ये एका ओळीच्या इफलाही कंस घाला, असं मला कुणाला सांगावं लागलेलं नाही.

कोडचा इतिहास वाचण्याबद्दल फार लिहीत नाही, पण तासिकेतला निम्मा फायदा तिथेच आहे. कोड काय करतो ते फाइलमध्ये दिसतं, असा का आहे ते गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल टिपून ठेवणाऱ्या साधनाच्या, नोंदींत. ओळ कुणी आणि कधी बदलली हे सांगणाऱ्या आज्ञेचं नाव 'ब्लेम' ठेवलंय, ते मला कधीच पटलं नाही. आम्ही तिला वर्गात 'चौकशी' म्हणतो. चार चांगल्या नोंदी वाचल्या की मुलं स्वतःच्या नोंदीत 'फायनल', 'फायनल-२', 'खरंच फायनल' लिहायचं सोडतात. निदान बरीचशी.

तर मंडळाकडे मागण्या अशा आहेत.

तासिका तिसऱ्या सत्रात परत घ्या. दोन तास जमत नसतील तर एक द्या, पण ती प्रात्यक्षिकच राहू द्या. 'कोडवाचनाचे महत्त्व' असा सिद्धांताचा धडा करून परत आणणार असाल तर नका आणू.

लेखी परीक्षेत न पाहिलेल्या कोडवर निदान एक प्रश्न ठेवा. भाषेच्या पेपरला अपठित उतारा असतो, तसा अपठित कोड. वर दिलेले तीन प्रश्न आणि त्यांची तपासणी करणारी स्क्रिप्ट मी मंडळाला विनामूल्य देतो.

गैरप्रकाराच्या नियमातलं 'उघडा ठेवणे' काढा आणि तिथे 'श्रेय न देता उतरवणे' घाला. त्यासोबत परवान्यांवरचा दोन तासांचा भाग जोडा.

लॅब मॅन्युअल एकदम बदला असा माझा आग्रह नाही. या वर्षी दहा प्रयोग निवडा, प्रत्येकाला एक टेस्ट द्या, चूक झाली तर प्रोग्रॅम काय करतो ते दाखवा आणि बायनरी सर्चची ती ओळ तेवढी ताबडतोब दुरुस्त करा.

वाचायच्या कोडची यादी करायला एक छोटी उपसमिती नेमा. तीत शिक्षक असावेत, रोज कोड लिहिणारे असावेत आणि मागच्या दोन बॅचचे विद्यार्थीही असावेत. कोणत्या फाइलपाशी झोप येते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. यादी दरवर्षी तपासावी लागेल. प्रकल्प बदलतात, परवानेही बदलतात. २०२४ मध्ये रेडिसचाच परवाना बदलला आणि जुन्या परवान्याखालचा कोड घेऊन वाल्की नावाचा वेगळा प्रकल्प उभा राहिला.

आणि शेवटचं : निर्णय कायम ठेवायचा असेल तर कारण सविस्तर लिहून द्या. उत्तरपत्रिका मागवा, पाहा आणि मग सांगा की मूल्यमापन कुठे कमी पडलं. पटलं तर मी जाहीरपणे मान्य करीन.

मसुदा अजून अंतिम झालेला नाही, म्हणून या सत्राची तासिका सुरू आहे. पुढच्या तासाला आम्ही हीपक्यू घेणार आहोत, खूण केलेली ओळ घटक तळाशी नेणाऱ्या लूपमधली आहे. मंडळातल्या कुणाला येऊन बसायचं असेल तर अवश्य या. कळवायची गरज नाही. फक्त लॅपटॉप घेऊन या, कारण ओळ काढून टेस्ट चालवायला तुम्हालाही सांगणार आहे.

आपला,
कोडवाचनाच्या तासिकेचा अभ्यागत शिक्षक